सुकं लाकूड आणि उचंत खातं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती अंकासाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळी गेली दोन वर्षं सांगत होती आणि दोन्ही वर्षी मी टाळलं. मी काही अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो, एका बँकेत अडतीस वर्षं कारकुनी केली, २०१८ साली निवृत्त झालो आणि तेव्हापासून नेरूळच्या सिडकोच्या घरात पूर्ण वेळ आहे. संस्कृत येत नाही. गुरुचरित्राची पोथी मात्र लहानपणापासून घरात पाहिलेली. वडील मूळचे कोल्हापूरकडचे, नृसिंहवाडीला पौर्णिमेला जाणारे, त्यांची पोथी माझ्याकडे आली. तेव्हा जे लिहितो ते एका वाचणाऱ्याचं आहे, सांगणाऱ्याचं नाही, हे आधीच कबूल करतो.

विषय एकच आहे. संकटात सापडलेल्या माणसाला गुरुचरित्र काय देतं? मला ते चाळिसाव्या अध्यायात मिळालं, आणि मिळायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

२०१६च्या जुलैमध्ये, सकाळी पोळ्या करता करता आमच्या सौ.च्या हातातून लाटणं पडलं. उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पक्षाघात. जिवावरचं निभावलं, पण दीड महिन्याने घरी आणली तेव्हा ती माझ्याकडे बघून काहीतरी सांगू पाहायची आणि शब्दच बाहेर यायचा नाही. याला वाचाघात म्हणतात, हे मला डॉक्टरांकडून कळलं. समजतं सगळं, बोलता येत नाही. जी बाई भाजीवाल्याशी अर्धा तास बोलायची, ती गप्प. घरातला रेडिओ बंद पडावा तसं झालं.

मी काय केलं? पारायण. दुसरं काही सुचलं नाही. सोवळं, एकभुक्त, चटईवर झोपणं, सगळं पाळून तीन महिन्यांत तीन सप्ताह केले. पहिल्या सप्ताहाचा संकल्प होता तिची वाचा परत यावी. दुसऱ्याचा, निदान हात तरी उचलला जावा. तिसऱ्याला काय मागितलं ते आता लिहायला लाज वाटते. मी महाराजांना मुदत घातली होती. दत्तजयंतीपर्यंत.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात मुदत ठेवीचा हिशोब होता. इतकं घातलं, इतक्या दिवसांनी इतकं मिळायला पाहिजे. अडतीस वर्षं माणूस व्हाउचरच्या दोन बाजू जुळवत बसला की देवाशीही तसाच वागतो. दत्तजयंती आली, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. सौ. तशीच खुर्चीत. मी दुसऱ्या दिवशी पोथी लाल कपड्यात गुंडाळली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. वर्षभर काढली नाही.

त्या वर्षातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. नात्यातल्या एक वहिनी भेटायला आल्या. मनाने वाईट नाहीत, फळं घेऊन आल्या, बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "काय करणार भाऊजी, मागल्या जन्मीचं असतं एकेकाचं. भोगूनच संपवावं लागतं." सौ. समोरच होती. तिला बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. वहिनी गेल्यावर पाहिलं तर तिच्या डाव्या हातातला रुमाल ओला झालेला.

मला राग आला तो वहिनींचा आलाच, पण ग्रंथाचाही आला. कारण वहिनी जे बोलल्या ते पोथीत नाही असं मी म्हणू शकत नव्हतो. पूर्वजन्मीचे दोष, त्यांची फळं, हे गुरुचरित्रात ठिकठिकाणी आहे. मग काय, माझ्या बायकोने कुठल्या तरी जन्मात कुणाचं तरी वाईट केलं म्हणून तिची जीभ गेली, असं मी मानायचं? आणि तसं मानून तिला रोज सकाळी चहा भरवायचा?

इथे बँकेतली एक गोष्ट आठवली ती सांगतो. बँकेत न गेलेल्यांनी जरा धीर धरावा.

आमच्या वेळी संगणक नव्हते. संध्याकाळी दिवसाचा मेळ बसल्याशिवाय घरी जाता येत नसे. दहा पैशांचा फरक असला तरी सगळी शाखा बसून. कधी कधी असं व्हायचं की पैसे आलेत, खरे आहेत, मोजलेत, पण कुणाच्या खात्यात घालायचे तेच कळत नाही. स्लिपवरचा नंबर चुकलेला, सही लागत नाही. अशी रक्कम उचंत खात्यात टाकायची. तारीख घालायची, रक्कम घालायची, जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहायचं आणि खातं उघडं ठेवायचं. रोज सकाळी ते पान बघायचं. एक नियम फार कडक होता. उचंत खात्यातली रक्कम दुसऱ्या कुणाच्या खात्यात टाकायची तर अधिकाऱ्याची सही लागे. कारकुनाला तो अधिकार नाही.

आमच्या शाखेत एकाने घरी जायच्या घाईत न लागणारा फरक एका जुन्या, बंदवजा खात्यात दडपून टाकला. मेळ बसला, सगळे खूश होऊन सातच्या लोकलला पळाले. चार महिन्यांनी ते खातेदार उगवले. मग जो गोंधळ झाला! त्या सहकाऱ्याला मेमो मिळाला तो फरक पडला म्हणून नव्हे. फरक कुणालाही पडतो. जबरदस्तीने मेळ बसवला म्हणून मिळाला.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा हे डोक्यात आलं. सौ.चं दुखणं खरं आहे, माझ्या घरात आलेलं आहे. ते का आलं, कुणाच्या नावे आलं, मला ठाऊक नाही. वहिनींनी ते सरळ तिच्या नावे टाकून मेळ बसवला. मी ते महाराजांच्या नावे टाकून पोथी कपाटात ठेवली. दोघांनाही तो अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोथी खाली काढली. पारायण म्हणून नव्हे. संकल्प नाही, सोवळं नाही, नुसती वाचायची म्हणून. रोज थोडी थोडी, सौ.च्या खुर्चीजवळ बसून, मोठ्याने.

आता चाळिसावा अध्याय. बहुतेक वाचकांना कथा ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण मला ती तेव्हा पहिल्यांदा कळल्यासारखी वाटली.

गाणगापुरात श्रीनृसिंहसरस्वतींकडे नरहरी नावाचा एक ब्राह्मण येतो. त्याला कुष्ठ झालेलं आहे. विद्या आहे, पण लोक त्याचं तोंड पाहायला तयार नाहीत. तीर्थं झाली, व्रतं झाली, देव झाले, कुठेच गुण आला नाही; आता तुम्ही नाही म्हणालात तर प्राण ठेवणार नाही, असं तो म्हणतो. श्रीगुरू पूर्वजन्मीच्या दोषाचा उल्लेख करतात. हो, करतात, ते मी लपवत नाही. पण तो उल्लेख किती आणि त्यापुढचं किती, हे एकदा पोथी उघडून बघा. दोषाचं नाव घेतलं आणि लगेच पुढचं काम सांगितलं. औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड होतं, ते त्याला दिलं. हे घेऊन संगमावर जा, भीमेच्या काठी पुर, स्नान कर, दिवसातून तीन वेळा पाणी घाल. याला पालवी फुटेल त्या दिवशी तुझं अंग शुद्ध होईल.

आणि तो ते लाकूड घेऊन निघतो.

मी इथे थांबलो होतो. सौ.ने डाव्या हाताने पोथीच्या चौरंगावर टकटक केलं, पुढे वाच म्हणून.

बघा, ज्याला खातं वळतं करायचा अधिकार आहे असा एकच अधिकारी या कथेत आहे, आणि तोसुद्धा त्या नोंदीपाशी रेंगाळत नाही. नरहरीला चौकशीला बसवत नाही. कुठला दोष, कुठल्या जन्मी, किती उरला, हे काही नाही. हातात काम देतो. वहिनींचं वाक्य 'भोगूनच संपवावं लागतं' इथे संपलं होतं. श्रीगुरूंचं तिथून सुरू होतं. शिवाय मुदत नाही. मी दत्तजयंतीची तारीख घातली होती. नरहरीने, 'किती दिवस?' असं विचारल्याचं मला तरी सापडलं नाही.

मग लोक हसतात. तेही अगदी ओळखीचं आहे. सुक्या लाकडाला पाणी घालून कधी पालवी फुटते का, तुला गुरूंनी टाळलं आहे, हे काम म्हणजे तुला हाकलायचा मार्ग आहे, असं त्याला समजावतात. मला वाटतं त्यातले पुष्कळसे खरोखर त्याच्या भल्यासाठी बोलत असतील. तो उपाशी राहून पाणी घालतच राहतो. लोक जाऊन श्रीगुरूंना सांगतात. तेव्हा श्रीगुरू म्हणतात की जसा भाव तशी सिद्धी, आणि शबराची गोष्ट सांगतात.

ही शबराची गोष्ट वाचताना मी अडखळतो, हे कबूल करतो. पांचाळच्या सिंहकेतू राजाचा मुलगा शिकारीला जातो. बरोबरच्या शबराला रानात एक शिवलिंग सापडतं. राजपुत्र त्याला पूजा सांगतो: रोज चिताभस्म वाहायचं आणि प्रसाद बायकोसह घ्यायचा. एके दिवशी भस्म मिळत नाही. नेम मोडणार म्हणून शबर व्याकूळ होतो, तेव्हा त्याची बायको म्हणते, मला घरासकट जाळ आणि ते भस्म वाहा. तो तयार होत नाही, ती समजूत घालते, शेवटी तसं होतं. सौ.ला वाचून दाखवताना हा भाग मी भरभर वाचतो. आजच्या माणसाने तो शब्दशः घ्यायचा नाही हे उघड आहे. पण त्यानंतर एक बारीकशी गोष्ट आहे. पूजा संपल्यावर शबर सवयीने, रोजच्याप्रमाणे, बायकोला प्रसाद घ्यायला हाक मारतो. ती नाही, हे तो विसरलेला असतो. आणि ती येते.

रोजची हाक. मला त्यात फार काही दिसलं. सौ. आजारी पडल्यापासून मी तिला हाक मारणं बंद केलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. उत्तर येत नाही म्हणून. चहा नेऊन ठेवायचो, औषध द्यायचो, पण "अगं, चहा झाला" हे म्हणत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागलो. वाचा-उपचार करणाऱ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, हेच तर मी सहा महिने सांगतेय! वस्तूचं नाव घेऊन बोलत जा, उत्तराची वाट बघा, घाई करू नका."

फिजिओथेरपीवाल्या मुलीने हाताचे व्यायाम दिवसातून तीन वेळा सांगितले होते. तेही मी कंटाळून एकावर आणले होते. तीन वेळा! काय उपयोग, हात तर लाकूड झालाय, असं मीच एकदा तिच्यासमोर बोललो होतो. पोथीतलं लाकूड वाचलं तेव्हा तो शब्द मला आठवला, आणि शरम वाटली.

नरहरीच्या कथेचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. श्रीगुरू स्वतः संगमावर येतात, त्याचा भाव पाहतात, कमंडलूतलं पाणी त्या लाकडावर शिंपडतात. पालवी फुटते, आणि नरहरीची काया उजळते. श्रीगुरू त्याला योगेश्वर असं नाव देतात.

आमच्याकडे कमंडलूतलं पाणी तसं पडलं का? सौ. आज काठीला धरून बाथरूमपर्यंत जाते. उजवा हात खांद्यापर्यंत येतो, बोटं उघडत नाहीत. शब्द तीस-चाळीस असतील. पहिला शब्द कुठला आला सांगू? 'नको'. व्यायामाच्या वेळी. मी आणि ती मुलगी दोघेही रडायचे सोडून हसत सुटलो. हे पूर्ण बरं होणं नाही, आणि मी ते चमत्कार म्हणून सांगणार नाही. ज्यांना अंकात अनुभव म्हणून काहीतरी झगझगीत वाचायचं असेल त्यांची निराशा होईल. मी एवढंच म्हणतो की पाणी घालायचं काम माझं होतं आणि ते मी वर्षभर सोडून दिलं होतं.

हे एकदा दिसल्यावर मी बाकीचा ग्रंथ त्याच नजरेने चाळला. आरंभच बघा. ग्रंथ सुरू होतो तो नामधारकाच्या तक्रारीने. गांजलेला, थकलेला माणूस गाणगापूरच्या वाटेवर आहे आणि तुम्ही कृपाळू म्हणवता मग मला का विसरलात, असं गुरूंशी भांडतो आहे. त्या भांडणातूनच सगळा ग्रंथ निघाला. मी पोथी कपाटात टाकली तेव्हा महाराज रागावले असतील का, ही भीती त्यामुळे कमी झाली.

तेराव्या अध्यायात पोटशुळाने गांजलेला ब्राह्मण आहे. अन्न पोटात गेलं की असह्य कळा. गोदावरीच्या पात्रात जीव द्यायला निघालेला. श्रीगुरू आधी त्याला बोलावून आणायला सांगतात. उपदेश नंतर. त्याला औषध काय, तर पोटभर जेवण. ते कुणी घालायचं, तर नुकत्याच आलेल्या सायंदेवाने. सायंदेव घाबरतो, याला अन्न दिलं आणि हा मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी, असं म्हणतो. तरी घरी नेतो, वाढतो, आणि तो माणूस बरा होतो. याच सायंदेवाचं स्वतःचं संकट चौदाव्या अध्यायात येतं, क्रूर यवनाचं बोलावणं आलेलं असतं, गेलो तर मरण. म्हणजे ज्या दिवशी तो दुसऱ्याला जेवू घालत होता, त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या मानेवर तलवार होती! इतकी वर्षं चौदावा अध्याय संकटनिवारक म्हणून रोज वाचणारे पुष्कळ पाहिले, मीही त्यातला. पण तेराव्याला जोडून वाचला नव्हता.

आणि ज्यांना आपण दत्तावतार मानतो त्या टेंबेस्वामींना काय सुखाचं आयुष्य होतं? माणगावचा १८५४चा जन्म. स्वतः उभारलेलं दत्तमंदिर सात वर्षांत सोडून निघावं लागलं. १८९१ साली गंगाखेडला पत्नी गेली, त्यानंतर संन्यास. संग्रहणीचा त्रास कायमचा, आणि त्या शरीराने अनवाणी सगळा देश चालले. १९११च्या चातुर्मासात कृष्णेच्या बेटावर, कुरवपूरला होते, तिथलं त्यांचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र आज आपल्या घराघरात म्हटलं जातं. त्यातल्या मागण्यांचा क्रम बघा. आरंभी संकटातून सोडवण्याची हाक आहे. शेवटाकडे येईपर्यंत मागणं वाढत जातं: धर्माची आवड, चांगली बुद्धी, भक्ती, सत्संग. मी ते स्तोत्र पहिल्या दोन श्लोकांच्या मनानेच म्हणत होतो इतकी वर्षं.

आता थोडं माझ्या लाकडाविषयी, म्हणजे घराबाहेरच्या. निवृत्त झालो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा प्रश्न आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. मी स्वतः जाऊन आलो, पण रांगेत एक मुलगा वडिलांना चक्क खुर्चीसकट उचलून घेऊन आलेला पाहिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी काय होतं, ते मला दोन वर्षांत चांगलं कळलं होतं. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून अडतीस वर्षांत कळलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. कितीजणांना मी, "स्वतः यावं लागेल, आजोबा" असं मान वर न करता सांगितलं असेल!

जीवन प्रमाण ही सोय २०१४पासून आहे. मी ती शिकून घेतली. आमच्या सेक्टरमधले जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे नोव्हेंबरात जातो. पूर्वी अंगठ्याचं यंत्र लागे, आणि म्हाताऱ्यांचे ठसे झिजलेले, यंत्र घेतच नसे. २०२१पासून मोबाईलवर चेहरा दाखवून काम होतं. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. गेल्या वर्षी एक आजी होत्या, नव्वदीच्या, त्यांना डोळे मिटा म्हटलं की झोप लागायची. चौथ्या वेळी जमलं. आजींनी विचारलं, "झाले का रे मी जिवंत?"

सौ. या कामाची हिशेबनीस आहे. कुणाकडे गेलो, कुणाकडे जायचं राहिलं, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो आणि झालं की ती डाव्या हाताने फुली मारते. फुल्या वाकड्या असतात. एखाद्याचं राहिलं तर ती मला बोटाने दाखवते, आणि मी टाळाटाळ केली तर 'जा' म्हणते. तीस-चाळीस शब्दांतला तो एक.

उचंत खातं अजून उघडंच आहे. तिला हे का झालं, ते मला आजही माहीत नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगतो. वहिनी मागे परत आल्या होत्या, त्यांच्या घरीही आता एक आजारपण आहे. मला वाटलं होतं मी काहीतरी टोचून बोलेन. सौ.ने त्यांचा हात धरून ठेवला, बराच वेळ.

यंदाचा सप्ताह उद्यापासून बसतोय. आमच्या पोथीतल्या विभागणीप्रमाणे चाळिसावा अध्याय सहाव्या दिवशी येतो. संकल्प सोडायची वेळ आली की सौ. माझ्याकडे बघते, काय मागणार म्हणून. गेली काही वर्षं मी पळीभर पाणी सोडतो आणि गप्प राहतो. मग ती चौरंगावर टकटक करते, आणि मी वाचायला लागतो.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥